डिस्चार्जचा शेरा सुधारता येतो, पण अर्ज मुलानेच लिहायला हवा

"आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगा विसाव्या वर्षी अमेरिकन आर्मीत गेला, तिथेच त्याला नागरिकत्व मिळालं. सरावात गाडी उलटून त्याचा जिवलग मित्र गेला आणि याची झोप उडाली. काही महिन्यांनी लघवीच्या तपासणीत गांजा सापडला. कारण 'गैरवर्तन' लिहून त्याला जनरल डिस्चार्ज देऊन घरी पाठवलं. आता तो गोदामात काम करतो, कॉलेजचं नाव काढलं की उठून जातो. कोणी म्हणतं, सहा महिन्यांनी डिस्चार्ज आपोआप सुधारतो. दीड वर्ष झालं, काहीच आलं नाही. त्याच्या वतीने मी अर्ज करू का? नागरिकत्व तर जाणार नाही ना?" — एक आई

ताई,

नागरिकत्वाची काळजी आधी सोडा. सेवेतून मिळालेलं नागरिकत्व धोक्यात येतं ते पाच वर्षांची सन्माननीय सेवा होण्याआधी 'अदर दॅन ऑनरेबल' किंवा त्याखालचा डिस्चार्ज मिळाला तर. जनरल हा ऑनरेबलच्या लगेच खालचा दर्जा आहे आणि तो सन्माननीय अटींवरचाच मानला जातो.

सहा महिन्यांची गोष्ट मात्र साफ खोटी आहे. सैनिकांच्या कित्येक पिढ्या ती एकमेकांना सांगत आल्या आहेत. आपोआप काहीही सुधारत नाही. डिस्चार्जच्या तारखेपासून १५ वर्षांच्या आत आर्मीच्या डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे डीडी २९३ हा फॉर्म भरावा लागतो. म्हणजे तुमच्या हातात भरपूर वेळ आहे, आणि घाईने केलेला अर्धवट अर्ज हेच मोठं नुकसान ठरेल.

जनरल डिस्चार्जमुळे त्याचं सगळंच गेलं असं नाही. सरकारी नोकरीत माजी सैनिकांना मिळणारं प्राधान्य या दर्जावरही मागता येतं. गेलं ते शिक्षण. ९/११ नंतरच्या 'जीआय बिल' या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याखाली ३६ महिन्यांपर्यंत शिक्षणाचा खर्च मिळतो, पण त्याला ऑनरेबलच लागतो. म्हणून मी याला करिअरचाच प्रश्न मानते. शिवाय डीडी २१४ वर, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या दाखल्यावर, दर्जा वेगळ्या रकान्यात असतो आणि 'गैरवर्तन' हे कारण वेगळ्या. अर्जात दोन्ही बदलून मागा. नुसता दर्जा सुधारला आणि कारण तसंच राहिलं, तर पुढच्या प्रत्येक मुलाखतीत तोच कागद आडवा येतो.

बोर्ड दोन गोष्टी बघतं: कार्यवाही नियमाला धरून झाली का, आणि निर्णय न्याय्य होता का. "आमच्या राज्यात गांजा कायदेशीर आहे" हे वाक्य अर्जात नको. लष्करी कायद्यात तो आजही गुन्हा आहे. तुमच्या मुलाची खरी बाजू त्या अपघातात आहे. २०१७ साली संरक्षण खात्याने या बोर्डांना मानसिक आघाताच्या अर्जांकडे उदारपणे बघायला सांगितलं आणि चार प्रश्न आखून दिले. चूक सौम्य ठरवील असा आजार किंवा अनुभव होता का? तो सेवेतच घडला का? त्या चुकीशी त्याचा खरोखर संबंध आहे का? आणि त्याचं वजन चुकीपेक्षा जास्त आहे का? अर्ज बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नावर अडतो. मित्र गेला हे सगळे लिहितात. त्यानंतर रात्री काय व्हायचं, गांजा पहिल्यांदा कधी ओढला, त्याआधी कामाचे शेरे कसे होते, हे कोणी तारखांसकट लिहीत नाही.

आणि ते त्यालाच लिहावं लागेल. "मी ओढला, ते चुकलं" या वाक्याने सुरुवात करून. आईने मुलाची बाजू मांडली की ती वकिली वाटते, मुलाने चूक कबूल करून कारण सांगितलं की ते ऐकलं जातं. फॉर्मवर सहीही त्याचीच लागते.

कामाचा क्रम असा ठेवा. सेंट लुइसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमधून त्याची सेवेची पूर्ण फाइल मागवा, वैद्यकीय नोंदीही मिळवा. मानसोपचारतज्ज्ञाची भेट घ्या. अर्जासाठी तर ती हवीच, पण त्याला झोप लागावी म्हणून ती आधी हवी. त्याच्या तुकडीतल्या दोघातिघांची पत्रं मिळवा. डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स किंवा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे प्रतिनिधी अशा अर्जांना विनामूल्य मदत करतात. पहिली तपासणी कागदांवर मागा. ती फेटाळली गेली तरी १५ वर्षांच्या मुदतीत स्वतः हजर राहून सुनावणी मागता येते.

पण निकालाची वाट बघत घरी बसणं मला मान्य नाही. संरक्षण खात्याच्या २०१८ च्या सूचनांनुसार डिस्चार्जनंतरचं वागणंही बोर्ड लक्षात घेतं. एडिसनमध्येच मिडलसेक्स कॉलेज आहे. फॅफ्सा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, भरताना माजी सैनिक म्हणून तो स्वतंत्र विद्यार्थी धरला जातो, तुमचं उत्पन्न मोजलं जात नाही. जनरल डिस्चार्जने त्यात अडत नाही. गोदामातली नोकरी सांभाळून संध्याकाळचे एक-दोन विषय घेतले तरी सुरुवात होते.

तुम्ही मात्र एक गोष्ट नक्की लिहा. अपघातानंतर फोनवर त्याचा आवाज कसा बदलला, सुट्टीत घरी आला तेव्हा रात्री तो कुठे बसून असायचा, जेवायचा का. ते तुमच्याशिवाय कोणी पाहिलेलं नाही. कॉलेजचा विषय न काढता तो कागद त्याच्या हातात द्या. अर्जाला जोडायचा की नाही, ते त्याला ठरवू दे.