घरातलं ऑफिस, लाइट आणि अर्थिंग : वाचकांचे प्रश्न

पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करणारे आता गल्लोगल्ली झालेत. टेबल, खुर्ची, मोठा मॉनिटर सगळं चांगलं बघून घेतात आणि मग ते सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डावर लावून मोकळे होतात. तेच तेच विचारलं जातंय म्हणून एकत्रच उत्तरं देतो. (अर्थिंग म्हणजे गळालेला करंट वायरीतून जमिनीत उतरवायची सोय.)

लाइट गेली की वायफाय बंद, मीटिंग तुटते. त्यासाठी इन्व्हर्टरच घ्यावा लागेल का? (जुळे सोलापूर)

नाही. राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतो तो घ्या, फक्त राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर बघून घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही त्यावर पाहिजे.

इन्व्हर्टर आहे तरी लाइट गेली की डेस्कटॉप रिस्टार्ट होतो. (होटगी रोड)

इन्व्हर्टरच्या मागे मोडचा स्विच असतो, तो यूपीएसवर करा. तरी होत असेल तर लोड जास्त आहे किंवा बॅटरी उतरलीय, टेक्निशियनला दाखवा.

लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला झिणझिण्या येतात. वायरमनने बल्ब लावून दाखवला, अर्थिंग ओके आहे म्हणाला. मग दुर्लक्ष करू का? (विजापूर रोड)

अजिबात करू नका. चार्जर दोन पिनचा असेल तर थोडी झिणझिण येऊ शकते, ती गळती फार बारीक असते. पण चार्जर तीन पिनचा असून येत असेल तर बहुतेक वेळा बोर्डातल्या वरच्या मोठ्या भोकामागे अर्थची वायरच नसते, किंवा कुणीतरी चार्जरची तिसरी पिन मोडून टाकलेली असते.

आता त्या बल्बचं. फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थमध्ये बल्ब लागला म्हणजे अर्थिंग चांगलं, हे ऐकून ऐकून मला वैताग आलाय. काही लोक अर्थिंगचा खड्डा खणायचा खर्च वाचवायला बोर्डातच न्यूट्रलची (करंट परत नेणारी) वायर अर्थच्या पिनला जोडतात, बल्ब तेव्हाही झक्क लागतो! आणि उद्या ती न्यूट्रल कुठे तुटली तर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर, फ्रिजवर, पत्र्याच्या कूलरवर सरळ 230 व्होल्ट येतात. नळाच्या पाइपला वायर गुंडाळणारेही आहेत, पाइप आता प्लास्टिकचे झालेत हे त्यांच्या लक्षात येत नाही. खरं अर्थिंग मोजायला अर्थ टेस्टर लागतो, तो आणणारा लायसन्सवाला माणूस बोलवा, स्वतः तारा घालून बघू नका.

खड्डा केलेला असला तरी आपल्याकडे एप्रिल-मेत पारा 42-43 वर जातो, जमीन ठक्क कोरडी पडते आणि कोरड्या मातीत करंट नीट उतरत नाही, म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहायचं. आणि एमसीबी (ठरलेल्या अँपिअरपेक्षा जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका, एमसीबी वायर वाचवायला असतो, माणूस जायला 16 अँपिअर लागत नाहीत, त्याच्या कितीतरी कमी पुरतात. माणसासाठी 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखणारा स्विच) असतो, गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की तो क्षणात पडतो. तो बसवा, त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, आणि तो आहे म्हणून अर्थिंग टाळू नका, दोन्ही लागतात. ऑफिसच्या खोलीत लहान पोरं येत-जात असतात, पाण्याने भरलेल्या कूलरला ओल्या हाताने धरतात, म्हणून एवढं सांगतोय.

सॉकेटमध्ये लावायचं पॉवर सेव्हर घेतलं तर ऑफिसचं बिल 40 टक्के कमी होतं म्हणतात. (बाळे)

फसवणूक आहे. आत एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो बस्स. घरगुती बिल युनिटवर येतं, म्हणजे हजार वॅट एक तास चालले की एक युनिट, ते या डबीने कमी होत नाही. त्याच पैशात बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरच्या) पंख्याला सुरुवात करा.

ऑफिसच्या खोलीतला दीड टनाचा एसी एक्स्टेन्शनवर आहे. प्लग गरम लागतो, थोडा पिवळाही पडलाय. उन्हाळा संपल्यावर वायरिंग केलं तर चालेल का? (नवी पेठ)

नाही चालणार. आज एसी बंद करा आणि तो प्लग काढून ठेवा. प्लग पिवळा पडला म्हणजे आत पत्ती ढिली होऊन तापतेय, पुढची पायरी आग आहे आणि शेजारीच तुमच्या कागदांचा गठ्ठा असणार. एसीला डीबीपासून (घरातले सगळे एमसीबी असतात त्या डब्यापासून) स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि 16 अँपिअरचा पॉइंट लागतो. वायर आयएसआय मार्कची, पूर्ण तांब्याची घ्या, वरून तांबं आणि आत अॅल्युमिनियम असलेली स्वस्त वायर बाजारात सर्रास खपवतात. किती जाडीची ते अंतर बघून वायरमन ठरवेल. पेठेतलं घर जुनं असेल तर आधी मेनपर्यंतची वायर तपासून घ्या, आणि एसी-इन्व्हर्टर धरून लोड मंजूर लोडच्या वर जात असेल तर महावितरणकडे वाढीव लोडचा अर्ज करा.