लेबर रूमला रुजू होताना

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या जंगलपट्टीतून आलेली बाई बहुधा तक्रार करत नाही. कन्नड येत नाही, वर सिस्टर रागावतील ही धास्ती. तेव्हा ती बोलेल म्हणून थांबू नकोस, हात लावून बघ.

बाळ बाहेर आलं की पोट चाचपून आत दुसरं नाही याची खात्री कर आणि मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळणारं औषध, १० युनिट मांडीत दे. हे इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. ट्रेमध्ये उकाड्यात पडून राहिलेली अँप्यूल दिसते तशीच, पण गुण उतरलेला असतो. ते मिळण्यासारखं नसेल तिथे मिसोप्रोस्टॉल ६०० मायक्रोग्रॅम तोंडाने. आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएमनी, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकांनी, ही गोळी दिली, तो अभ्यास २००६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. गोळी न मिळालेल्यांत अतिरक्तस्राव १२ टक्के, मिळालेल्यांत ६.४. नर्सच्या हातून काय होतं याचा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही.

वार पडल्यावर दोन तास, दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, गर्भपिशवी, पॅड. रक्त चादरीत मुरतं, नुसत्या नजरेचा अंदाज कमीच येतो. मापाची पिशवी खाली घाल. गर्भपिशवी मऊ लागली तर चोळ, हाक मार आणि लघवी तुंबली आहे का ते बघ. तुंबली असली की गर्भपिशवी आवळत नाही. आडोसा नसेल तर बाई लघवीला जातच नाही. पडदा लावणं हेसुद्धा रक्तस्रावावरचं औषधच.

हंगामात ऊसतोडीच्या टोळीतली बाई तायी कार्डाशिवाय, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदींच्या कार्डाशिवाय, येईल. कागद मागाहून. आधी बीपी, हिमोग्लोबिन, लघवीतलं प्रोटीन. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर नुसत्या गोळ्या देऊन परत पाठवू नकोस, मोठ्या दवाखान्यात धाड. तिला थोडा रक्तस्रावही झेपत नाही.

बाळ पुसून कोरडं कर, आईच्या उघड्या छातीवर ठेव. रडत असेल तर नाळ १ ते ३ मिनिटांनी काप, तासाभरात अंगावर पाज. मुलगी झाली की नातेवाईक पांगतात. तेव्हा तिचं वजन आणि पाजणं तू स्वतः बघ.

घरी सोडताना कन्नड छापील कागद हातात देऊन मोकळी होऊ नकोस. सासूसमोर मराठीत सांग आणि बाळंतिणीच्याच तोंडून वदवून घे, 'समजलं का?' म्हटलं की 'होय' येतंच. पॅडवर पॅड भिजणं, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, ताप, बाळ गार पडणं किंवा दूध न ओढणं: यांतलं एक जरी झालं तरी रात्री-अपरात्री १०८.

तुझी,
मावशी