दीड-दोन वर्षांच्या मुलाला दूध प्यायलाच पाहिजे का?

तुम्ही लिहिलंय, मुलगा 20 महिन्यांचा, वरण-भाकरी बऱ्यापैकी खातो पण दुधाचा ग्लास दिसला की तोंड फिरवतो, आणि सासूबाई म्हणताय हाडं कच्ची राहतील. वाचून हसूच आलं, कारण आमच्या घरी बरोब्बर उलटं झालं होतं. आमची पोरगी दुधाशिवाय काही घ्यायचीच नाही आणि त्याच्यावरून दवाखान्यात जायची वेळ आली.

थोडक्यात सांगायचं तर ग्लासभर दूध प्यायलाच पाहिजे असं काही नाही, पण दुधाचं काहीच पोटात जात नसेल तर मात्र बघावं लागतं, विशेषतः घर शाकाहारी असेल तर.

आता आमचं सांगते. आम्ही जळगावला, पण सासर अमळनेर तालुक्यात, घरी म्हैस. पोरगी दोन वर्षांची झाली तेव्हा पाव लिटरची बाटली दिवसातून चार वेळा, म्हणजे एक लिटर दूध, तेही म्हशीचं, आणि आम्ही खूश, की बाई पोरगी कशी गुटगुटीत. जेवायला बसवलं की दोन घास आणि ओठ घट्ट. गावाला गेलो की ती कोपऱ्यात जाऊन बसायची, मला वाटायचं खेळतेय. एकदा जवळ जाऊन बघितलं तर भिंतीची पांढरी माती नखानं खरवडून जिभेवर ठेवतेय (जुनं धाब्याचं घर आहे आमचं, भिंती मातीच्या). खालचा ओठ सगळा पांढरा. रागावले तर रडली आणि परत तिथेच. सासूबाईंनी लगेच निदान केलं, कॅल्शियम कमी पडतंय म्हणून माती खाते, दूध वाढवा. आणि मी वाढवलं! शिकलेली बाई मी, पण हे लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलेलं असतं की शंकाच येत नाही.

शेवटी चेहरा पिवळट दिसायला लागला म्हणून मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, दूध किती पिते? मी अभिमानाने सांगितलं एक लिटरच्या वर. ते म्हणाले, तरीच. हिमोग्लोबिन 7.9 निघालं, तिच्या वयाला 11 च्या वर पाहिजे. माती खाणं बऱ्याचदा लोह कमी असल्याचं लक्षण असतं म्हणे, कॅल्शियमचं नाही.

त्यांनी जे समजावलं ते असं, की दुधात कॅल्शियम भरपूर पण लोह नावापुरतं, उलट दुधातलं कॅल्शियम जेवणातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पोटाची, म्हशीचं एक लिटर दूध म्हणजे हजार कॅलरीच्या आसपास, या वयाच्या मुलाची दिवसाची गरजच जवळपास तेवढी, मग ते पोर जेवेल कशाला? भूक लागायला जागाच नाही. देशात पाच वर्षांच्या आतली 67 टक्के मुलं रक्ताने कमी निघाली, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय ते, सगळ्यांचं कारण दूध नाही अर्थातच, पण आपल्या पोराचं काय चाललंय ते बघायला हरकत नाही.

बाटली बंद केली. तीन दिवस घरात नुसता आकांत. सासूबाई पदराने डोळे पुसत, "पोर दूध पेस नही ते अंगले मास कसं लागी?" चौथ्या दिवशी पोरीने स्वतःहून कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी वरणात कुस्करून मागितली. लोहाचं औषध डॉक्टरांनी दिलं ते दुधासोबत द्यायचं नाही, लिंबूपाण्यासोबत दिलेलं बरं, शी काळी होते, घाबरायचं नाही. तीन महिन्यांनी 11.4 आलं, भिंतीकडे जाणं त्याच्या आधीच थांबलं होतं.

आता तुमच्या मुलाचं. 1 ते 3 वर्षाला कॅल्शियम दिवसाला 500 मिलीग्रॅम लागतं. 100 मिली दुधात साधारण 120, दह्यातही जवळपास तितकंच. म्हणजे वाटीभर दही, दुपारी थोडं ताक, कधी पनीर, कधी केळ्याची शिकरण (जळगावात राहून केळी नाही म्हणायची सोय नाही) एवढ्यात निम्म्याच्या वर होतं. बाकी तिळाचा कूट, उडीद, मेथी, नाचणीचं सत्व. तिळात 100 ग्रॅमला हजाराच्या आसपास असतं म्हणून लोक फार कौतुक करतात, पण 100 ग्रॅम तीळ कोण पोर खातं, चमचाभर कूट वरणात टाकायचा बस. पीत असेल तर दूधही द्या, पण दिवसाला 400-500 मिलीच्या वर नको, आणि जेवणाच्या तोंडावर तर नकोच.

अंडी-मटण घरात चालत नसेल आणि पोरगा दही-ताकसुद्धा घेत नसेल तर बी-12 जीवनसत्त्व कमी पडतं, ते भाजीपाल्यातून मिळत नाही. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

दूध प्यावं म्हणून चॉकलेटची पावडर घालू नका, त्यात साखरच जास्त. 2024 साली सरकारनेच ऑनलाईन विकणाऱ्यांना सांगितलं की असल्या पेयांना हेल्थ ड्रिंक म्हणून विकू नका. आणि चहा-बिस्कीट तर अजिबात नको, चहानेही लोह अडतं, आपल्याकडे आजोबांच्या बशीतला चहा नातवाला हमखास मिळतो म्हणून सांगितलं. कोणी धारोष्ण दूध पाजा म्हणालं तर हो हो म्हणून उकळून द्या.

वर्षाच्या आतलं बाळ असतं तर मी वेगळं लिहिलं असतं, तेव्हा गाय-म्हशीचं दूध प्यायला द्यायचंच नसतं. तुमचा अजून अंगावर पितो का ते तुम्ही लिहिलं नाही. पीत असेल तर तेही दूधच आहे की, सासूबाईंना तेच सांगा.