‘केवळ शिकवणारे’ विद्यापीठ आणि मानसशास्त्र

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. मुलीला मानसशास्त्रच शिकायचे आहे. बर्कलीत प्रवेश हुकला, सॅन होजे स्टेटमध्ये मिळाला. ‘तिथे केवळ शिकवतात, पुढे पीएच.डी.चे काही खरे नाही,’ असे ओळखीचे लोक म्हणतात. मुलगी हिरमुसली आहे. काय करावे?
– एक आई

उत्तर : लोकांच्या या बोलण्याचे मूळ जुने आहे. १९६० च्या ‘मास्टर प्लॅन’ने कॅलिफोर्नियातील सरकारी विद्यापीठांची कामे वाटून दिली. संशोधन आणि पीएच.डी. बर्कलीसारख्या ‘यूसी’ (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठांकडे गेली, तर सॅन होजेसारख्या ‘स्टेट’ विद्यापीठांकडे मुख्यतः पदवी आणि पदव्युत्तर अध्यापन आले. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी वरचे साडेबारा टक्के यूसीच्या आणि वरचे एक तृतीयांश स्टेटच्या प्रवेशाला पात्र, असेही ठरले; तेव्हापासून पालकांच्या मनात ही उतरंड पक्की बसली आहे. स्टेटमध्ये संशोधन होतच नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे.

बर्कलीच्या प्रयोगशाळेत पदवीच्या मुलीला बहुधा पीएच.डी. करणाऱ्यांच्या हाताखाली काम मिळते. स्टेटमध्ये ही मधली फळी जवळजवळ नसते, त्यामुळे ती थेट प्राध्यापकांबरोबर काम करू शकते. निळ्या शाईत छापलेला ‘लाल’ हा शब्द समोर धरायचा, शब्द न वाचता शाईचा रंग सांगायला लावायचा आणि उत्तराला लागलेला वेळ मोजायचा, हा मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपचा १९३५ मधील प्रयोग या विषयाच्या सर्वच विद्यार्थ्यांना पाठ असतो. पण स्वतः माणसे बसवून, नोंदी घेऊन, त्यांचे सांख्यिकी विश्लेषण करताना चुकलेला आकडा शिक्षकांनी शेजारी बसून दाखवावा, हे शिक्षण फार मोलाचे आहे, असे मला मनापासून वाटते.

अडचणही सांगितली पाहिजे. तेथील प्राध्यापकांवर साधारणपणे एका सत्रात चार विषय शिकवण्याचा भार असतो. संशोधनाला वेळ कमी उरतो आणि सहायकांच्या जागाही थोड्या असतात. म्हणून मुलीने संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धती हे विषय लवकर घ्यावेत आणि दुसऱ्या वर्षीच प्राध्यापकांच्या ‘ऑफिस अवर्स’मध्ये (विद्यार्थ्यांना भेटण्यासाठी राखलेल्या वेळेत) जाऊन काम मागावे. पीएच.डी.च्या प्रवेशात संशोधनाचा अनुभव आणि काम प्रत्यक्ष पाहिलेल्या शिक्षकांचे शिफारसपत्र यांना मोठे वजन असते.

तिला समुपदेशनच करायचे असेल, तर पीएच.डी. लागेलच असे नाही. विवाह आणि कुटुंब समुपदेशकाच्या परवान्यासाठी त्या राज्यात योग्य पदव्युत्तर पदवी, देखरेखीखालील ३,००० तासांचे काम आणि परीक्षा पुरतात. ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणून परवाना हवा असेल, तर मात्र डॉक्टरेट लागतेच.

प्रवेश निश्चित करण्यापूर्वी तिने स्वतः विभागात जाऊन यावे, आणि पदवीची किती मुले सध्या प्राध्यापकांच्या संशोधनात काम करत आहेत, एवढे तरी विचारावे. तुम्ही सोबत जा, पण प्रश्न तिलाच विचारू द्या.