फोनवरचं इंग्रजी: इंग्लंडला निघालेल्या डिचोलीकराला

तू लिहिलंयस की डिचोलीला मराठी शाळेत शिकलास, वास्कोला क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवणाऱ्याकडे, तीन वर्षं काढलीस आणि मार्चमध्ये इंग्लंडात फ्रेट म्हणजे मालवाहतुकीच्या कंपनीत रुजू होतोयस. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पार पडली, ईमेल जमतात, पण इंग्रजीत फोन आला की घशाला कोरड पडते. तेव्हा स्पीकिंगचा महागडा क्लास लावू का, असं विचारतोस. वयानं मोठी, म्हणून ‘तू’ म्हणते. मीही तिकडचीच, साखळी गावची, चौथीपर्यंत मराठीतूनच शिकले आणि गेली चौदा वर्षं इंग्लंडातल्या स्विंडनला याच धंद्यात आहे.

क्लासचे पैसे राहू देत. परीक्षेत समोरचा परीक्षक अकरा ते चौदा मिनिटं तुझं शांतपणे ऐकून घेतो. गोदामातला माणूस पाठीमागे फोर्कलिफ्ट चालू असताना बोलतो, आणि तिथं व्याकरणापेक्षा आपल्या बोलण्याच्या सवयी जास्त आड येतात.

पहिल्याच वर्षी एक ग्राहक मला फोनवर सांगत होता की माल गुरुवारी सकाळी पोचायलाच हवा. मी मधे मधे ‘यस, यस’ करत होते. घरी आई काही सांगत असली की आपण ‘हां, हां’ करतो ना, तसंच. ऐकतेय एवढंच सांगायला. त्यानं मी शब्द दिला असं धरलं. ट्रक शुक्रवारी दुपारी पोचला. तो माणूस पुन्हा माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता ऐकताना मी ‘आय सी’ म्हणते, ‘यस’ फक्त कबूल करायचं असेल तेव्हा, आणि फोन ठेवण्याआधी तारीख, वेळ, नग सगळं परत वाचून दाखवते. तसंच, ‘यू हॅवन्ट रिसीव्ड द इनव्हॉइस?’ असं विचारलं की आपल्या तोंडून ‘यस’ जातं, म्हणजे बरोबर, नाही मिळालं. समोरच्याला वाटतं, मिळालं. तिथं ‘नो, आय हॅवन्ट’ असं पूर्ण वाक्य बोल.

ईमेलमध्येही असंच होतं. मराठीत ‘पाठव’चं ‘पाठवा’ केलं की आदर आला. इंग्रजीत ‘यू’ एकच, त्यामुळे ‘सेंड मी द फाइल’ लिहिलं की आपल्या मनातला ‘पाठवा’ त्यांच्याकडे ‘पाठव रे’ होऊन पोचतो. ‘प्लीज’ लावलं तरी हुकूमच वाटतो. ‘कुड यू सेंड मी द फाइल बाय टू?’ असं विचारायची सवय कर. ‘डू द नीडफुल’ सोड. काय हवंय आणि कधीपर्यंत, तेवढं लिही. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटलं तर तुझा विश्वास नाही असं वाटतं, म्हणून ‘क्वेश्चन’ म्हण. साडेबारा लाख १२,५०,००० असे न लिहिता १,२५०,००० असे लिही. महिना अक्षरात लिही, कारण ०३/०४ म्हणजे इंग्लंडात तीन एप्रिल आणि अमेरिकेत चार मार्च.

उच्चारांचं म्हणशील तर इंग्रजांसारखं बोलायची धडपड मुळीच करू नकोस. दोनच गोष्टी घोट. एक, ‘व’. आपण ‘व्हेस्ट’ (vest) आणि ‘वेस्ट’ (west) दोन्ही जवळपास सारखेच बोलतो. आरशासमोर उभा राहा: पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकायला हवेत, दुसऱ्याला शीळ घालताना करतो तसा ओठांचा चंबू, दात कुठंच लागता कामा नयेत. दुसरं, थर्टीन आणि थर्टी. पहिल्यात जोर ‘टीन’वर आणि शेवटचा ‘न’ स्पष्ट. दुसऱ्यात जोर सुरुवातीला. तरीही पॅलेट (माल रचायच्या फळ्या) किती ते सांगताना ‘थर्टीन, वन थ्री’ असंच सांग. तेरा आणि तीसचा घोळ निस्तरायला दिवस जातो.

कंटेनर नंबर तुला नवा नाही, चार अक्षरं आणि सात आकडे. पण फोनवर अक्षरं सांगताना ‘बी फॉर बॉम्बे’ इथं चालत नाही. ए, बी, सी साठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे प्रत्येक अक्षराचे ठरलेले सव्वीसही शब्द पाठ कर. मग एखाद्या मित्राला पाठीला पाठ लावून बसव आणि दहा नंबर वाचून दाखव. त्याला तुझे ओठ दिसता कामा नयेत. त्यानं लिहिलेलं ताडून बघ. अडलेला शब्द केंब्रिजच्या ऑनलाइन डिक्शनरीत ऐकता येतो. बीबीसी लर्निंग इंग्लिशही फुकट आहे.

एक मात्र कळकळीनं सांगते. स्विंडनला आपले गोंयकार पुष्कळ आहेत. घर, दुकान, कामाची पाळी, सगळीकडे कोंकणी बोलून दिवस निघतो. त्या आधाराचं मोल मला ठाऊक आहे, पण त्याच्यापायी माझी दोन वर्षं गेली. ऑफिसात फोन वाजला की तो तूच उचल, पहिल्या दिवसापासून.

त्या दहा नंबरांचं रेकॉर्डिंग निघण्याआधी मला पाठव. कुठं अडतंय ते ऐकून सांगते.