त्याच पैशांत मोठं टर्बो इंजिन घ्यावं की सगळी फीचर्स असलेलं छोटं इंजिन? गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या आत आहे, गाडी स्पोर्टी हवी

भाऊ, तुम्ही प्रश्नात सगळं लिहिलंय ते बरं केलं. रोज तालुक्यापर्यंत, महिन्यात दोनदा कारंज्याहून समृद्धीला लागून नागपूर, घरात आईवडील. एका बाजूला 1.5 लिटर टर्बो (हवा दाबून आत ढकलणारं इंजिन) पण फीचर्स मोजकी, दुसऱ्या बाजूला 1.0 लिटर टर्बो आणि सनरूफपासून थंड हवेच्या सीटपर्यंत सगळं. माझं मत आधी सांगतो: 1.5 घ्या, फक्त त्याआधी गाडीखाली टेप घेऊन बसा. कोणत्या अटींवर ते पुढे लिहितो.

स्कोडा-फोक्सवॅगनच्या सेडानमध्ये हीच जोडी मिळते, म्हणून तेच आकडे धरू. 1.0 टीएसआय (त्यांच्या टर्बो पेट्रोल इंजिनाचं नाव) म्हणजे 115 पीएस (ताकद) आणि 178 एनएम (टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर), 1.5 टीएसआय म्हणजे 150 पीएस आणि 250 एनएम. छोट्या इंजिनाची रिकामी गाडी साधारण 1200 किलोची, मोठ्याची 1250. म्हणजे टनामागे 96 पीएस आणि 120 पीएस. आता चार माणसं, डाळीचं पोतं आणि बॅगा मिळून साडेतीनशे किलो टाका. 1.5 उतरतं 94 वर. भरलेली 1.5 आणि रिकामी 1.0 जवळपास सारखीच चालते, आणि भरलेली 1.0 तर 74 वर येते. शोरूमवाला टेस्ट ड्राइव्ह देतो ती दोन माणसांत, त्यामुळे छोटं इंजिनही तिथे चपळच वाटतं.

याचा उपयोग ओव्हरटेकला. पराटीचे (कपाशीच्या काड्यांचे) गठ्ठे किंवा कापूस भरलेला ट्रक 50 ने चाललाय, रस्ता दोन पदरी, समोरून 80 ने एसटी येतेय. ओव्हरटेकला दोन सेकंद जास्त लागले तर तेवढ्यात ती एसटी 44 मीटर जवळ आलेली असते. पीएसपेक्षा इथे एनएम बघा, आणि तो किती आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) मिळतो ते बघा. ज्या इंजिनाला 1600-1700 च्या आसपास पूर्ण टॉर्क मिळतो ते गिअर न बदलता सुटतं. 4000 नंतर जोर येणारं इंजिन कागदावर कितीही मोठं असो, गावच्या रस्त्यावर ते 4000 पर्यंत जातच नाही.

आता आपल्या उन्हाचं. 25 अंशांची हवा 45 अंशांना साधारण 6 टक्के पातळ होते. टर्बो दाब वाढवून ती तूट भरतो खरा, पण हवा दाबली की ती शंभर अंशांच्या पार तापते, आणि इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) तिला बाहेरच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. नवतप्यात (मे अखेरचे तापलेले नऊ दिवस) दुपारी दोन वाजता बाहेरची हवाच 45 ची. मग इंजिनात नॉक (पेट्रोल अवेळी आपोआप पेटणं) व्हायला लागतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ते ओळखून स्पार्क उशिरा देतो, गरज पडली तर बूस्ट म्हणजे टर्बोचा दाबही कमी करतो. गाडी 'मेली' असं वाटतं ते हेच, बिघाड नसतो. त्यात झाकणाच्या आत लिहिलेल्या रॉनपेक्षा (पेट्रोल नॉक किती सोसतं त्याचा आकडा) कमी रॉनचं पेट्रोल भरलं, तर हे लवकर होतं. म्हणून स्टेज-1 रीमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून 1.0 ला 1.5 बनवायचा विचार असेल तर सोडून द्या. कारखान्याने उन्हासाठी ठेवलेली सूटच रीमॅपवाला विकत असतो, वर वॉरंटीही जाते.

एसीही याच इंजिनावर चालतो. छोट्या इंजिनाला तो फुल चालू असताना जास्त जाणवतो. बऱ्याच गाड्यांत पूर्ण रेस दिली की ईसीयू कॉम्प्रेसर थोडा वेळ बंद ठेवतो, म्हणजे ओव्हरटेकला जोर मिळतो पण तेवढा वेळ थंडावा जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत बंपरच्या जाळीतून आत टॉर्च मारून बघत जा. जिनिंगच्या रस्त्यावरचे कापसाचे तंतू कंडेन्सरच्या (एसीच्या पुढच्या जाळीच्या) पात्यांत नमद्यासारखे बसतात, त्यावर सोयाबीन काढणीची धूळ चिकटते, आणि मग एसी थंड करत नाही, इंजिनही तापतं. गॅस भरून काही होत नाही. इंजिन गार असताना मऊ ब्रश आणि हलक्या पाण्याने, पात्या वाकणार नाहीत असं धुवायचं. प्रेशर गन जवळून मारली की पात्या आडव्या होतात.

फीचर्सच्या बाबतीत माझी कसोटी एकच: नंतर लावता येईल ते आज विकत घ्यायचं नाही. मागचा कॅमेरा, मोठी स्क्रीन, स्पीकर, सीट कव्हर तालुक्याला नाहीतर यवतमाळला बसवून मिळतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागच्या चाकांचे डिस्क ब्रेक, एअरबॅग, ईएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) नंतर येत नाहीत. थंड हवेच्या सीट हे एकच फीचर असं आहे जे विदर्भात खरंच पैसे वसूल करतं आणि नंतर नीट बसत नाही, त्यामुळे त्याचं मला वाईट वाटतं. मागच्या सीटला एसीची जाळी मात्र हवीच, आईवडील मागे बसणार. सनरूफचं काय करायचं इथे? मार्चपासून जूनपर्यंत काच तापते, छताची उंची कमी होते, वजन डोक्यावर येतं, आणि धुळीने पाणी निघायच्या नळ्या तुंबल्या की पहिल्या पावसात पाणी थेट खांबातून गालिच्यात.

चाकं. वरच्या मॉडेलला 17 इंची रिम देत असतील तर शक्य असल्यास 16 मागा. 215/45 आर17 टायरची बाजू 97 मिलिमीटर, 205/55 आर16 ची 113. हा सोळा मिलिमीटर रबर म्हणजे खड्ड्यात रिम वाकते की वाचते एवढा फरक. डिकीत खरी स्टेपनी आहे का बघा. काही स्पोर्टी गाड्यांत नुसतं पंक्चर किट असतं, आणि पांदण रस्त्यावरच्या दगडाने टायरची बाजू फाटली तर त्या किटचा फेस काही कामाचा नाही. समृद्धीवर मर्यादा 120 ची, रस्ता सिमेंटचा. टायर गार असताना दरवाजावरच्या पट्टीवर लिहिलेलाच दाब भरा. दर 10 अंशांना दीड-दोन पीएसआय आपोआप वाढतो, म्हणून गरम टायरमधून हवा काढू नका.

रात्रीचं वेगळं. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर तुरीतून एकदम रस्त्यावर येतात. 100 ला एक सेकंद विचारात गेला तर 28 मीटर, नंतर चांगल्या ब्रेकला साधारण 50. डिपरचा उजेड पोचतो 50-60 मीटर. म्हणजे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. 80 ला तोच हिशेब 54 वर येतो. दोन मॉडेलांत एलईडी हेडलाइटचा फरक असेल तर त्याला फीचर न समजता ब्रेकचा भाग समजा, आणि त्यासाठी माझं 1.5 चं मत बदलायलाही मी तयार आहे.

राहिलं ऑटोमॅटिक. ड्राय क्लचचा डीसीटी (तेलात न बुडलेल्या दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बाजाराच्या दिवशी बैलगाड्यांमागे सरकत राहिला की तापतो, कारण क्लच अर्धवट घासत राहतो. तेव्हा पुढे जागा होऊ द्यायची आणि मगच सोडायचं, किंवा सरळ मॅन्युअल घ्यायची. तुमच्या वापराला मी मॅन्युअल म्हणीन.

आता टेप. कॅटलॉगचा ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा असतो. भारतीय रोड काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, त्यावरून कुठलीही गाडी जाते. ग्रामपंचायतीने मुरूम टाकून केलेला अरुंद आणि उभा असतो, तिथे पुढची चाकं उतरलेली आणि मागची चढायची असताना पोट टेकतं. चार जाडजूड माणसं बसवा, दोन चाकांच्या मधली सगळ्यात खालची जागा मोजा, मग गावातल्या सगळ्यात वाईट गतिरोधकाची उंची मोजा. तीन बोटांचा फरक राहिला तर पुढे बोला. टेस्ट ड्राइव्ह दुपारी एकला मागा, एसी फुल, तीच चार माणसं आत, तिसऱ्या गिअरला 40 वरून 80 पर्यंत पूर्ण रेस. वीस मिनिटं गावात फिरवून लगेच पुन्हा तेच करा आणि दोन्ही वेळा मागे बसलेल्याला सेकंद मोजायला सांगा.