पहिलीचा प्रवेश: गावातली मराठी शाळा की शहरातली इंग्रजी?

एप्रिल उजाडला की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास असतो: मुलाला सरकारी शाळेत घालावे की खासगी? आमच्या बेळगाव भागात हा प्रश्न तेवढ्यावर थांबत नाही, कारण शाळा निवडताना मराठी, कन्नड आणि इंग्रजी यांपैकी कोणत्या भाषेत मूल पहिली अक्षरे गिरवणार, हेही त्याच वेळी ठरत असते. खानापूर तालुक्यातील एका दाम्पत्याची हकीकत, ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे सांगते.

वडील बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत कामाला, आई घरी शिवणकाम करणारी, आणि मुलगी सहा वर्षांची. गावात पाचवीपर्यंतची सरकारी मराठी शाळा होती. मुले चौतीस, शिक्षक दोन. दुसरा पर्याय बेळगावातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेचा होता, जिथली फी आणि बसभाडे मिळून वडिलांचा जवळजवळ तीन महिन्यांचा पगार जाणार होता. शिक्षणहक्क कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळेल का, असे त्यांनी विचारले. परंतु जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत त्या जागा मिळत नाहीत, असा नियम कर्नाटकात 2019 पासून लागू असल्याने ती वाट बंद होती.

"मॅडम, आमचं झालं ते झालं, पण पोरीनं कुठं मान खाली घालू नये," असे वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांनी मान कुठे खाली घातली होती, असे मी विचारले तेव्हा बराच वेळ ते गप्प राहिले. मग सांगितले, की एका सरकारी कार्यालयात कन्नडमधला अर्ज भरता न आल्याने त्यांना रांगेतल्या अनोळखी माणसाच्या हातापाया पडावे लागले होते आणि तेव्हा मुलगी त्यांच्या बोटाला धरून उभी होती. हट्ट इंग्रजीचा होता, पण सल कन्नडचा होता. ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आली नव्हती. कन्नड भाषा शिक्षण अधिनियम, 2015 नुसार राज्यातील शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवणे बंधनकारक आहे, म्हणजे कोणत्याही शाळेत घातले तरी मुलीला कन्नड शिकावीच लागणार होती. ती कुठे नीट येईल, एवढेच पाहायचे होते.

मी त्यांना दोन्ही शाळांत जाऊन, इमारत न बघता, पहिलीच्या वर्गात अर्धा तास बसून यायला सांगितले. इंग्रजी शाळेत बाईंनी धडा इंग्रजीत वाचला आणि मुलांना कळेना तेव्हा तो कन्नडमध्ये समजावला. "आमच्या घरात कन्नड कुणीच बोलत नाही, मग तिला समजावणार कोण?" हे आईने तिथेच ओळखले, आणि माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत शहाणे वाक्य तेच होते. गावच्या शाळेत तिसरीची एक मुलगी न अडखळता उतारा वाचून दाखवत होती आणि गुरुजी प्रत्येक मुलाला नावाने हाक मारत होते. मात्र दुसरे शिक्षक प्रशिक्षणाला गेल्याने त्या दिवशी पाचही वर्ग एकट्यावर होते, आणि मुले कन्नड अक्षरे सुबक काढत असली तरी कन्नडमध्ये एक वाक्यही बोलू शकत नव्हती. हे दोष मी लपवले नाहीत.

जी भाषा कानाला आधीपासून कळते तिच्यात मूल वाचायला लवकर शिकते, आणि एकदा वाचनाची वाट सापडली की दुसरी भाषा शिकायला तीच उपयोगी पडते. राज्यघटनेचे कलम 350अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्यास राज्याला सांगते ते उगाच नव्हे. तरीही मी डोळे मिटून सरकारी शाळा सुचवत नाही. आदल्याच वर्षी दुसऱ्या एका गावातील पालकांना मी मुलगा तिथून काढायचा सल्ला दिला होता, कारण तिथे चौथीच्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येत नव्हते आणि शिक्षकाची जागा दोन वर्षे रिकामी होती.

या दाम्पत्याने गावची शाळा निवडली. आईने शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीत, जायचे ठरवले, म्हणजे शिक्षक गैरहजर असले तर विचारणारे कुणी तरी असेल. वाचलेल्या पैशांतून काही रक्कम दर महिन्याला पोस्टात जाते, आणि गल्लीतल्या कन्नडभाषक घरी मुलगी संध्याकाळी तासभर खेळायला जाते. हा उपाय आईचाच.

ऑगस्टमध्ये ते पुन्हा आले तेव्हा वडिलांनी पिशवीतून दोन वह्या काढल्या, एक मुलीची आणि एक स्वतःची. दोन्हींत कन्नड बाराखडी होती, आणि मुलीचे अक्षर अधिक चांगले होते. शेजारचा मुलगा इंग्रजी कविता म्हणू लागला की अजूनही पोटात कालवते, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. सहावीला कुठे घालायचे, यावर पाचवीची दिवाळी झाल्यावर पुन्हा बसायचे आमचे ठरले आहे.